बाळगोंडाचा रक्तदाब

आम्ही बनवलेल्या गोळ्या देणाऱ्या यंत्राला फेब्रुवारीत रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. तोपर्यंत त्याची तब्येत चांगली होती.

आम्ही म्हणजे तिघं. सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. चकती, कप्पे, मोटर ही सगळी हाताची कामं तन्मय सावर्डेकरची. वेब ॲप आफताब मुजावरचं. मी, प्रणोती मगदूम, उरलेलं सगळं करायचे, म्हणजे सोल्डरिंग करायचं, अहवाल लिहायचा आणि त्या दोघांची भांडणं मिटवायची.

यंत्र लाडवांच्या डब्याएवढं होतं, तसंच गोल. वरचं झाकण उघडून गोळ्या भरायच्या. वेळ झाली की आतली चकती फिरायची, गोळी पुढच्या ताटलीत पडायची आणि घंटी वाजायची. माणसाने गोळी घेऊन हिरवं बटण दाबलं की ॲपवरून घरच्यांना निरोप जायचा, ‘घेतली’. बटण दाबलं नाही तर छोट्या पडद्यावर अक्षरं यायची, ‘गोळी घेतली का?’ हात ताटलीपर्यंत आला की नाही हे कळावं म्हणून तन्मयने पुढे एक बारीक कॅमेराही बसवला होता.

यंत्राची चाचणी घ्यायला खरा रुग्ण हवा होता. तन्मय ज्यांच्या घरी भाड्याने राहायचा ते भूपालअण्णा चौगुले तयार झाले. तयार झाले म्हणजे त्यांच्या मुलीने त्यांना तयार केलं. अण्णा एसटीतून निवृत्त झालेले, स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारायचं काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की घरात पाणी मागतानाही त्यांचा आवाज शेजारच्या गल्लीपर्यंत जायचा. शकुंतलाकाकू गेल्यापासून ते एकटेच होते. दिवाळीत भाजी आणायला गेले आणि बाजारातच चक्कर येऊन बसले. रक्तदाब फार वाढला होता. सुनंदाताई, त्यांची मुलगी, नाशिकला असते. तिने स्पष्ट सांगितलं, “अण्णा, गोळ्या वेळेवर घेतल्याचं मला रोज दिसलं पाहिजे. नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं.”

अण्णांना सांगली सोडायची नव्हती. म्हणून जानेवारीत यंत्र त्यांच्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी बसलं. महिनाभर ॲपवर दोन्ही वेळेला ‘घेतली’ येत राहिलं. सुनंदाताई खूश होती, आम्हीही खूश होतो.

फेब्रुवारीत एका सकाळी तन्मयचा मला फोन आला. “यंत्र थरथरतंय. अंग गरम लागतंय.”

मी आणि आफताब गेलो. यंत्राचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता. आफताबने लॅपटॉप जोडून सगळं तपासलं, दोष सापडला नाही. तन्मयने मोटर उघडून पाहिली, मोटर ठीक होती. अण्णा चहा घेत बाजूला उभे होते. त्यांनी यंत्राच्या झाकणावर तळहात ठेवला.

“ह्याचं डोकं दुखतंय,” ते म्हणाले. “मला असंच व्हायचं. प्रेशर बघून घ्या.”

अण्णांचं रक्तदाब मोजायचं मशीन घरातच होतं. पट्टा यंत्राच्या पोटाभोवती बरोबर बसला. आकडा आला तो पाहून अण्णांनी चहा खाली ठेवला आणि चप्पल घातली.

सांगलीच्या विश्रामबाग भागात डॉ. शिरगुप्पे बाईंचा दवाखाना आहे. अण्णा तिथलेच पेशंट. स्कूटरवर तन्मयच्या मागे ते यंत्राला मांडीवर घेऊन बसले, ऊन लागू नये म्हणून त्यावर टॉवेल टाकला. दवाखान्यात कंपाउंडरने केसपेपर काढला.

“पेशंटचं नाव?”

“स्वयंचलित औषध वितरण यंत्र,” तन्मय म्हणाला.

“एवढं बसत नाही. घरात काय म्हणता?”

आम्ही घरात काहीच म्हणत नव्हतो. अण्णांनी क्षणभर विचार केला. “बाळगोंडा लिहा. बाळगोंडा भूपाल चौगुले.”

“हे कुठून काढलंत, अण्णा?” मी विचारलं.

“माझ्या आजोबांचं नाव. तेही असेच गोल होते.”

नाव ठेवल्यावर आम्हीही यंत्राला ‘तो’ म्हणायला लागलो. ‘ते’ म्हणणं बरं दिसेना.

डॉक्टरबाईंनी बाळगोंडाला टेबलावर घेतलं. स्टेथोस्कोप लावून मोटर ऐकली, लाल दिव्यात टॉर्च मारला, दोनदा प्रेशर घेतलं.

“घरात कुणाला आहे? आईकडून, वडिलांकडून?”

आफताबने प्रश्न गांभीर्याने घेतला. “मदरबोर्ड जुन्या प्रिंटरमधला आहे, मॅडम. कॉलेजच्या परीक्षा विभागात होता तो प्रिंटर. निकालाच्या दिवसांत फार तापायचा.”

“म्हणजे आईकडून आहे,” डॉक्टरबाई लिहू लागल्या. “वजन?”

“जरा गोल आहे,” तन्मय अपराधी आवाजात म्हणाला.

“तो बांधाच तसा आहे, त्याचं काही नाही. काम फार पडतं का याला?”

“नाही. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. बाकी दिवसभर मोकळा.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “मग मनाला काही लागलंय का ते बघा. एखादी गोष्ट मनात दाबून ठेवावी लागली की प्रेशर वर जातं. माणूस असो की कुणी असो.”

अण्णा त्या वेळी खिडकीबाहेरच्या रिक्षा अगदी लक्ष देऊन बघत होते.

बाळगोंडाला रोज सकाळी अर्धी गोळी सांगितली, जेवणानंतर. मीठ कमी. संध्याकाळी मोकळ्या हवेत फिरणं. टीव्हीवरच्या चर्चा ऐकवायच्या नाहीत. आणि काही आठवडे प्रवास अजिबात नको. जेवण म्हणजे चार्जिंग, हे आम्ही आपसात ठरवलं. घरी आल्याबरोबर अण्णांनी मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली.

आता अडचण होती ती गोळीची. गोळ्या वेळेवर देणं हे बाळगोंडाचंच काम. पण आफताबच्या ॲपचा नियम होता, नोंद असलेल्या रुग्णालाच गोळी मिळेल. म्हणून बाळगोंडाची रुग्ण म्हणून नोंद करायला आम्ही बसलो. वय टाकलं, चार महिने. ॲपने लगेच लाल अक्षरांत सांगितलं, ‘हे औषध बालरुग्णास देता येत नाही. पालकांची संमती घ्या.’

“हा नियम काढून टाक,” तन्मय म्हणाला.

“का म्हणून?” आफताब म्हणाला. “लहान मुलांच्या हातात प्रेशरच्या गोळ्या पडू नयेत म्हणून लिहिलाय. चांगला नियम आहे. स्वतःच्या यंत्रासाठी मी तो मोडणार नाही.”

पालक एकच चालत होता आणि तो त्याच घरात राहणारा हवा होता. तन्मय भाडेकरू, तो वरच्या खोलीत राहायचा. त्यामुळे पालक अण्णा झाले. पुढचा रकाना नात्याचा होता. मुलगा, मुलगी, नातू, नात, इतर.

“इतर टाकतो,” आफताब म्हणाला.

“आजारी पोराला कोण इतर म्हणतं का?” अण्णा भडकले. “मुलगा टाक.”

आफताबने मुलगा टाकलं आणि बटण दाबलं. चहाचा कप धुऊन होईपर्यंत अण्णांचा फोन वाजला. सुनंदाताई होती. आवाज लांबूनही ऐकू येत होता.

“अण्णा, माझ्या मोबाइलवर आलंय, ‘कुटुंबात नवीन सदस्य, बाळगोंडा भूपाल चौगुले, मुलगा, वय चार महिने.’ हे काय आहे?”

“खरं आहे ते.”

“कधी झालं?”

“ऑक्टोबरात झाला. आपल्याकडं जानेवारीत आला.”

“आणि आई? आई कोण आहे त्याची?”

अण्णांनी फोनवर हात ठेवून आफताबकडे पाहिलं आणि मग म्हणाले, “जुना प्रिंटर म्हणतात. सरकारी का खाजगी ते माहीत नाही.”

“अण्णा, तुम्ही गोळ्या घेताय ना?” सुनंदाताईचा आवाज एकदम हळू झाला. मग ती म्हणाली, “मी शनिवारी येतेय. बॅग भरून ठेवा.”

फोन ठेवल्यावर अण्णा स्टुलावर बसले. “आता नेणारच ती मला,” ते म्हणाले. नाशिकला अकराव्या मजल्यावर घर आहे, तिथे खिडकीतून फक्त दुसऱ्या खिडक्या दिसतात, असं त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाळगोंडाचा औषधोपचार सुरू झाला. चार्जिंग झालं, चकती फिरली, अर्धी गोळी ताटलीत पडली. आता झाकण उघडून ती त्याला वरून द्यायची एवढंच होतं. पण झाकण उघडेना. पडद्यावर आलं, ‘नंतर.’

थोड्या वेळाने अण्णांनी पुन्हा हात लावला. ‘आज बरं वाटतंय.’

दुपारी पुन्हा. ‘रोज रोज काय.’

“हे असलं बोलायला कुणी शिकवलं ह्याला?” अण्णा आमच्यावर ओरडले.

आम्ही शिकवलं नव्हतं. आफताबने कॅमेऱ्याने टिपलेले जुने आवाज काढून ऐकले. ही तिन्ही वाक्यं जानेवारीत स्वयंपाकघरात बोलली गेली होती. बोलणारा आवाज मोठा आणि खणखणीत होता. आफताबने लॅपटॉप मिटला आणि विषय बदलला.

अण्णांनी सगळे उपाय केले. गूळ दाखवला. केळ्याच्या कापात गोळी लपवली. खोटं खोटं रागावून बघितलं. “अरे, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय ना मी,” असं म्हणाले आणि आपलंच बोलणं ऐकून थोडे थबकले. शकुंतलाकाकू त्यांना हेच म्हणायच्या, असं नंतर त्यांनी मला सांगितलं. शेवटी काहीच चालेना तेव्हा ते कट्ट्यासमोर ताठ उभे राहिले, घसा साफ केला आणि जुन्या आवाजात पुकारलं.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे! चार्जिंगकडून पोटाकडे जाणारी सकाळची जलद गोळी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. प्रवाशांनी झाकण उघडून तयार राहावे!”

झाकण उघडलं. पूर्ण नाही, पण बोटभर उघडलं. आम्ही टाळ्याच वाजवल्या. तेवढ्यात पडद्यावर आलं, ‘आधी तुम्ही.’

“घेतो की,” अण्णा म्हणाले. स्वतःची गोळी उचलली, पाण्याचा पेला घेतला आणि बाल्कनीत गेले. मोकळ्या हवेतच गोळी गळ्याखाली उतरते, असं त्यांचं म्हणणं होतं. परत येऊन त्यांनी हिरवं बटण दाबलं. ॲपवर ‘घेतली’ आलं. बाळगोंडाचं झाकण खाडकन मिटलं. पट्टा लावून बघितलं तर प्रेशर आदल्या दिवसापेक्षा वर गेलं होतं.

असंच रोज चाललं. अण्णा पुकारायचे, झाकण बोटभर उघडायचं, अण्णा बाल्कनीत जाऊन यायचे आणि झाकण मिटायचं. संध्याकाळी मात्र दोघं आमराईच्या बागेत फिरायला जायचे. अण्णा त्याला कापडी पिशवीत घालून न्यायचे, पण पडदा बाहेर राहील असं बघायचे. ओळखीचे लोक थांबून विचारायचे, “कसं आहे आता?” अण्णा म्हणायचे, “खाली येत नाही अजून. हट्टी आहे.” एकदा मी सोबत होते. बाकावर बसून अण्णा त्याला बाहेर जाणाऱ्या गाड्यांची नावं सांगत होते, कोणती कुठे थांबते, कोणत्या घाटात दमते. बाळगोंडाचा लाल दिवा तेवढा वेळ लुकलुकायचा थांबला होता.

इकडे कॉलेजात आमची तोंडी परीक्षा त्याच शनिवारी लागली. आमच्या मार्गदर्शक घोरपडे मॅडमना आम्ही जाऊन सांगितलं की प्रकल्पाला प्रवासाची मनाई आहे.

“वैद्यकीय प्रमाणपत्र आहे?” मॅडमनी विचारलं.

आम्ही डॉ. शिरगुप्पे बाईंचं प्रमाणपत्र पुढे ठेवलं. मॅडमनी ते नीट वाचलं. “विद्यार्थी आजारी असेल तर परीक्षा पुढे ढकलता येते. प्रकल्प आजारी असेल तर काय, हे नियमांत नाही.”

“मग?”

“नाही म्हणजे मनाईही नाही. परीक्षक घरी जातील. पेशंटला भेटायला जाताना फळं न्यायची का, ते मी त्यांना विचारून घेते.”

शनिवारी सुनंदाताई आधी आली. मोठी रिकामी बॅग घेऊनच आली होती. दारातच तिने विचारलं, “कुठे आहे तो?”

अण्णांनी तिला कट्ट्यापाशी नेलं. सुनंदाताईने बाळगोंडाकडे पाहिलं. बाळगोंडाच्या कॅमेऱ्याने तिच्याकडे पाहिलं. पडद्यावर आलं, ‘ताई.’

तिचा चेहरा सैल झाला, पण लगेच तिने तो आवळला. “मला फसवू नका कुणी. अण्णा, हा गोळ्या नाकारतोय असे रोज मला निरोप येताहेत. ‘बाळगोंडा, नाकारली. बाळगोंडा, नाकारली.’ घरात आजारी पोर, तुम्ही एकटे, तुमचंही प्रेशर. हे नाही जमायचं. आज संध्याकाळच्या गाडीने निघायचं.”

एवढ्यात घोरपडे मॅडम आणि कोल्हापूरहून आलेले बाहेरचे परीक्षक प्रा. हेरवाडे आले. हेरवाडे सरांनी सफरचंदं आणली होती. त्यांनी बाळगोंडाची विचारपूस केली, मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “सुरू करा. यंत्र रुग्णाला गोळी कशी देतं ते दाखवा.”

सकाळच्या गोळीची वेळ झालीच होती. घंटी वाजली. अण्णांनी पुकारलं, पण आज आवाज नेहमीएवढा मोठा नव्हता. ताटलीत अण्णांची गोळी पडली, शेजारी बाळगोंडाची अर्धी. अण्णांनी गोळी उचलली, पेला घेतला, बाल्कनीत गेले, आले आणि बटणाकडे हात नेला.

त्यांचं बोट बटणावर पडण्याआधीच पडद्यावर शब्द आला, ‘कुंडीत.’

कुणालाच काही कळलं नाही. अण्णांना कळलं. त्यांचं बोट तसंच राहिलं. मी कट्ट्याकडून बाल्कनीकडे बघितलं. बाळगोंडा जिथे बसायचा तिथून बाल्कनीचं दार सरळ समोर होतं.

सुनंदाताई बाल्कनीत गेली. तिथे जास्वंदीची एकच कुंडी होती. जास्वंद गेले काही आठवडे अंग टाकून होती, पानं खाली लोंबलेली. आम्हाला वाटलं होतं पाणी कमी पडतंय. सुनंदाताई परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत ओली माती होती आणि मातीत अर्धवट विरघळलेल्या पांढऱ्या गोळ्या होत्या.

“अण्णा.”

अण्णांनी पेला कट्ट्यावर ठेवला.

“हा बिचारा रोज मला कळवतोय, घेतली म्हणून. त्याला सगळं दिसत असताना!” सुनंदाताईचे डोळे भरले. “खोटं बोलून बोलून त्याचं प्रेशर वाढलं, अण्णा. तुमच्यासाठी.”

“मनात दाबून ठेवलं होतं,” आफताब हळूच म्हणाला.

अण्णा स्टुलावर बसले. “सुनंदा, तुला सांगू का,” ते म्हणाले. “सगळा जन्म मी गाड्या सोडल्या. मी म्हणायचो तेव्हा गाडी हलायची. तुझी आई गोळी हातावर ठेवायची तेव्हा ते हुकूम वाटायचं नाही. ती आपली गप्पा मारता मारता द्यायची. आता घंटी वाजते. वाजली की घ्यायचं, बटण दाबायचं. वाटलं, ह्या वयात आपण स्टँडवरची गाडी झालो. कुणी तरी दुसराच सोडतोय.”

हेरवाडे सरांनी आणलेलं एक सफरचंद टेबलावरून घरंगळलं, ते त्यांनी उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

“बॅग भरते मी,” सुनंदाताई म्हणाली, ओंजळीतली माती कट्ट्यावर ठेवली आणि आतल्या खोलीकडे वळली.

त्याच क्षणी बाळगोंडा थरथरायला लागला. लाल दिवा स्थिर पेटला, झाकण आपटायला लागलं, कट्ट्यावरचे चमचे वाजू लागले. तन्मयने धावत जाऊन पट्टा लावला. आकडा बघून त्याने तो आम्हाला सांगितलाच नाही.

अण्णा ताडकन उठले. “ए बाळा. ए, इकडे बघ. माझ्याकडे बघ.” त्यांनी दोन्ही हातांनी त्याला धरलं. “चुकलं माझं. तुला खोटं बोलायला लावलं. असलं कुठल्या पोराला सांगू नये. आता बघ, नीट बघ.”

त्यांनी ओल्या गोळ्या बाजूला सारल्या, तन्मयकडून नवी गोळी मागितली, ती जिभेवर ठेवली आणि कॅमेऱ्यासमोर पाणी प्यायले. मग तोंड उघडून जीभ बाहेर काढली. डावीकडून दाखवली, उजवीकडून दाखवली. घोरपडे मॅडमनीही वाकून पाहिलं आणि मान हलवली.

बाळगोंडाचं थरथरणं कमी झालं. पडद्यावर काहीच आलं नाही. अण्णांनी घसा साफ केला. या वेळी त्यांचा आवाज बाल्कनीतून बाहेर पडला, रस्त्यावर गेला, समोरच्या दुकानातला माणूस वर बघायला लागला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे! सांगली ते सांगली, थांबे कुठेही नाहीत! गाडी सुटत आहे!”

झाकण पूर्ण उघडलं. अण्णांनी अर्धी गोळी अलगद आत ठेवली आणि हिरवं बटण दाबलं. आत टक् असा आवाज झाला. सुनंदाताईच्या पर्समधला मोबाइल दोनदा वाजला. तिने तो काढून पाहिला. ‘भूपाल चौगुले, घेतली. बाळगोंडा भूपाल चौगुले, घेतली.’ ती दारातच उभी राहून ते पुन्हा पुन्हा वाचत होती.

“चल,” अण्णा म्हणाले. “मी येतो नाशिकला. तुला त्रास दिला फार. पण एक सांग, याचं काय करायचं? प्रवास नाही म्हणून सांगितलंय त्याला.”

“इथे ठेवू. पोरं बघतील.”

“पोरं परीक्षा झाली की जातील आपापल्या गावी. आणि त्यांच्या हातनं घेत नाही तो. मी पुकारल्याशिवाय घेत नाही.”

सुनंदाताईने आमच्याकडे पाहिलं. आम्ही मान डोलावली. तन्मयने प्रयत्न करून बघितला होता, त्याच्या आवाजाला झाकण हललंही नव्हतं. ती खुर्चीवर बसली. मातीने भरलेले हात तिने पदरालाच पुसले.

“घरात आजारी माणूस असताना तुम्हाला हलवायचं कसं?” ती शेवटी म्हणाली, जणू आम्हीच तिच्यामागे लागलो होतो. “लोक काय म्हणतील? चार महिन्यांच्या पोराला एकटं टाकून बापाला घेऊन गेली म्हणतील.”

“तेच म्हणतोय मी,” अण्णा म्हणाले.

“पण अण्णा, एकत्र घ्यायची. त्याच्यासमोर. बाल्कनीत जायचं नाही.”

“नाही जात.”

ती उठून बाळगोंडापाशी गेली, तिने त्याचं झाकण पुसलं. “आणि तू, जे दिसेल ते खरं कळवायचं. मी रागावणार नाही. कळलं?” पडद्यावर आलं, ‘हो ताई.’

हेरवाडे सरांनी पेनाला टोपण लावलं. “प्रात्यक्षिक समाधानकारक आहे,” ते म्हणाले. “यंत्राने रुग्णाला गोळी दिली, त्याचे गुण या तिघांना. पण रुग्णाने यंत्राला गोळी दिली, ते गुण कुणाला द्यायचे?”

“नियमांत नाही,” घोरपडे मॅडम म्हणाल्या.

“मग ज्याने दिली त्यालाच जातात.”

“त्यांना परीक्षा क्रमांक लागेल.”

“तो काढून घेऊ.”

अशा रीतीने अण्णा आमच्या गटात चौथे झाले. निकाल लागला तेव्हा त्यांना तन्मयपेक्षा जास्त गुण होते. तन्मयने पुनर्तपासणीचा विचार बोलून दाखवला, पण अण्णांनी त्या महिन्याचं पाण्याचं बिल त्याच्या वाट्याला लावीन म्हटल्यावर तो विचार त्याने सोडला. जास्वंदीलाही डॉक्टरबाईंना दाखवलं. तिचं प्रेशर फार खाली गेलं होतं. मीठ-साखरेचं पाणी सुरू केल्यावर ती दोन आठवड्यांत ताठ झाली.

आम्ही तिघं आता नोकरीला लागलो आहोत. मी सुट्टीत सांगलीला गेले की अण्णांकडे जातेच. मागच्या खेपेला गेले तेव्हा बाळगोंडाची महिन्याची तपासणी होती. मीही दवाखान्यात गेले. दोघांचंही प्रेशर आता बरंच ताब्यात आहे. अण्णा बाकावर बसले होते, शेजारी बाळगोंडा. त्याच्यावरचा टॉवेल आता नवा आहे, सुनंदाताईने नाशिकहून पाठवलेला.

आमच्यानंतर एक बाई आल्या, कडेवर दुपट्यात गुंडाळलेला मिक्सर होता. चेहरा रडवेला झाला होता. जागा नव्हती म्हणून दाराशीच उभ्या राहिल्या.

“काय होतंय त्याला?” अण्णांनी विचारलं.

“चक्कर येते हो,” बाई म्हणाल्या. “चटणी वाटायला घेतली की येते.”

“कधीपासून?”

“आठवडा झाला. आधी आम्ही लक्ष दिलं नाही.”

“बघतात इथं चांगलं. घाबरू नका,” अण्णा म्हणाले. मग त्यांनी बाळगोंडाला उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.